कान कसे आहेत?

मावशी,

तुम्ही गेलात हे मला एका पोस्टकार्डानं कळवलं. राखाडी कमळ, खाली तुमच्या मुलाचं नाव आणि छापील ओळ: ऑक्टोबरात आईचं निधन झालं, घरात सुतक असल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छांची देवाणघेवाण करता येणार नाही. सुतक हा शब्द माझा, जपानीत दुसरा आहे, पण अर्थ तोच. ऑफिसातून येता येता खालच्या पेटीतून ते काढलं, लिफ्टमध्ये वाचलं आणि लिफ्टच्या भिंतीला अशी लाथ घातली की आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार किलकिलं करून पाहिलं. मी वाकून माफी मागितली. मग घरात येऊन दुसरी लाथ कपाटाला घातली. कपाटाची माफी मागावी लागत नाही.

‘गेलात’ असं लिहितानाही माझं डोकं फिरतंय. तुम्ही जाणाऱ्यांतल्या नव्हतात. तुम्ही लोकांना घालवणाऱ्यांतल्या होतात.

तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला जपानीत भांडता येत नव्हतं. या देशात दहा वर्षं काढून मी माफी मागायच्या नाना तऱ्हा शिकले, पण रागवायची एक धड शिकले नाही. त्यामुळे आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. उरलेलं आज माझ्या भाषेत भांडणार आहे. तोंडावर मी तुम्हाला ओकामिसान म्हणायची, म्हणजे घराची मालकीण. मनात मात्र पहिल्या दिवसापासून मावशी. आमच्या कोल्हापुरात जी बाई चार परक्यांना रांधून घालते ती मावशीच असते, मग ती कितीही खडूस असो.

तुमच्या घरी आम्ही पहिल्यांदा आलो ते मे महिन्यातल्या लागोपाठच्या सुट्ट्यांत. मी, माझा नवरा मकरंद आणि सहा वर्षांची ईरा. सेतोच्या समुद्रावरचं ते जुनं बंदर, व्यापाऱ्यांची काळपट लाकडी घरं, त्यातल्या एका घरात तुमचं मिन्शुकु, म्हणजे पाहुणे उतरवायचं घरगुती ठिकाण. पाच खोल्या, तुम्ही, मुलगा आणि सून सातोमी. पाहुण्यांनी घरच्यासारखं एकाच खोलीत खाली बसून जेवायचं, सांगितलेल्या वेळेला, आणि ताटात काही टाकायचं नाही. दारासमोर अरुंद रस्ता, रस्त्याला लागून पाणी. दरवाज्यात बूट काढताना ईरा म्हणाली होती, इथून तोल गेला तर सरळ समुद्रात.

बुकिंग करताना मी फोनवर घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं होतं: आम्ही मांस खात नाही, मासे खात नाही. खरं तर मी तांबडा-पांढरा खाऊन वाढलेली. पण त्या फेब्रुवारीत मकरंदचे वडील गेले होते. विमान मिळेपर्यंत पुण्यात सगळं उरकलं होतं, बापाला खांदासुद्धा देता आला नाही त्याला. तेव्हा त्यानं ठरवलं, वर्षभर मांस-मच्छी सोडायची. तेवढंच एक तो बापासाठी करू शकत होता. हे मी मुद्दाम त्याच्या बाजूनं सांगतेय. तुम्ही त्याची बाजू कधी ऐकून घेतली नाहीत.

तुम्ही त्या संध्याकाळी आमच्यासाठी वेगळी चूल मांडल्यासारखा स्वयंपाक केला होतात. उकडलेला मुळा, तळलेला भोपळा, टोफू, रानातल्या कसल्याशा कोंबांची भाजी, सूप. मकरंद तुटून पडला. वडील गेल्यापासून मी त्याला इतकं मनापासून जेवताना पाहिलं नव्हतं. सूप त्यानं दोनदा मागून घेतलं. तुम्ही खूश होऊन सांगितलंत, या सुपाची चव आमच्याच समुद्राची. इथलेच बारके मासे वाळवून, उकळून रस्सा काढते मी. भाज्याही त्यातच शिजवल्यात.

तुमचं चुकलं नव्हतं. ताटात मासा नव्हता, म्हणजे तुमच्या हिशेबी मासा नव्हताच. जपानात दोन वर्षं काढलेल्या मला ते विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही. मकरंदनं वाटी खाली ठेवली. तुमच्याकडे पाहून हसून जपानीत म्हणाला, “फार चविष्ट आहे.” तुम्ही भाताचं लाकडी पिंप आणायला वळलात. त्याच हसऱ्या चेहऱ्यानं, आवाज न चढवता तो मराठीत मला म्हणाला, “एक साधं काम जमत नाही ना तुला?” आणि डाव्या कानशिलात ठेवून दिली.

पहिली नव्हती ती. घरी पडायच्या. त्याचं एक जपानी तोंड होतं आणि एक मराठी. जपानी तोंडाला सगळं ऑफिस वाखाणायचं. मराठी तोंडाबद्दल मी फक्त आईला फोनवर सांगितलं होतं. आई म्हणाली, संसारात भांड्याला भांडं लागायचंच. मी म्हटलं नाही तिला, की भांड्याला भांडं लागलं तर दोन्हींना पोचे पडतात. इथे एकालाच कसे पडताहेत?

तुम्ही पिंप घेऊन दारात उभ्या होतात. किती पाहिलंत कोण जाणे. पिंप खाली ठेवलंत, तेही आवाज न करता. मग दरवाज्याकडे गेलात, मकरंदचे पांढरे नवेकोरे स्पोर्ट्स बूट उचललेत आणि रस्ता ओलांडून एकामागून एक पाण्यात भिरकावलेत. सत्तरीची बाई, खांद्यातून हात फिरवून, गोफण मारावी तशी. दोन वेळा डुबुक झालं. आत येऊन म्हणालात, “चालता हो.”

जपानीत ते दोनच शब्द. ते मी तुमच्याआधी आणि तुमच्यानंतर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत.

तुमचा मुलगा स्वयंपाकघरातून येऊन नुसता उभा राहिला. मकरंदनं तीनदा वाकून माफी मागितली. तुमची. माझी नाही. मग तो मोज्यांवर बाहेर पडला आणि मी काय केलं ते आठवून आजही मला स्वतःचं थोबाड फोडावंसं वाटतं. मी तुमच्या घरातल्या सपाता उचलून त्याच्या मागे धावले. तुम्ही माझं मनगट धरलंत. मी हिसडा दिला, तुम्ही सोडलं नाही. मला सभ्य शब्दांशिवाय दुसरे येत नव्हते, एक सोडून. ईरानं बालवाडीतून आणलेला. मी तुमच्या तोंडावर ओरडले, “बाका!” सत्तर वर्षांच्या बाईला मूर्ख म्हणाले मी, तिच्याच घरात. तुमच्या बोटांचे वळ माझ्या मनगटावर आठवडाभर होते. त्याच्या थपडेपेक्षा जास्त टिकले.

ईरा तेवढा वेळ शांतपणे भोपळा खात बसली होती. मला वाटलं, लहान आहे, तिला काय कळतंय.

मग तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून फडक्यात बर्फ बांधून दिलात. मी काहीतरी पुटपुटले, बहुतेक माफीच मागत असेन. तुम्ही मान वळवलीत. “या बाजूनं बोल. तो कान नाही मला.”

मी समजत होते वयामुळे. तुम्ही चुलीवरचं भांडं उतरवता उतरवता सांगितलंत, “नवऱ्यानं घालवला. होडी बांधायच्या ओल्या दोरानं.”

“मग?”

“मग एकदा समुद्रानं त्याला नेलं.”

“रडलात?”

“तांदूळ धुवायला घेतले. पाहुणे होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मकरंद दारात आला. हातात नीट बांधलेला मिठाईचा खोका, पायात गावातून घेतलेले स्वस्त कॅनव्हासचे बूट. तुम्ही खोका घेतला नाहीत. आम्ही निघालो तेव्हा बसपर्यंत आलात आणि माझ्या उजव्या कानाशी म्हणालात, “यायचं तर एकटी ये. त्याला आणलंस तर त्या खेपेला बूट इथे राहतील आणि तो पाण्यात जाईल.” मला हसू आलं आणि हसताना गाल दुखला.

सप्टेंबरात मी खरंच आले. ईराला घेऊन, एका बॅगेनिशी. काय झालं होतं ते तुम्ही विचारलं नाहीत. माझी मान बघितलीत फक्त, आणि वरची खोली उघडलीत. त्या चार दिवसांत वादळ आलं. होड्या एकमेकींवर आदळत होत्या, तुमच्या घराच्या लाकडी झडपा कोणी बाहेरून लाथा घालाव्यात तशा धडधडत होत्या, आणि पाणी रस्ता ओलांडून बूट काढायच्या पायरीपर्यंत आलं होतं. पाहुणे नव्हते. तुमच्या हौदात मात्र जिवंत मासे होते आणि तुम्ही म्हणालात, रिकामी बसू नकोस.

कोल्हापूरची असून मी जन्मात कोंबडी कापली नव्हती. तुम्ही मला मासा मारायला लावलात. तांबडा, हातभर लांबीचा, चिडलेला. ओल्या फडक्यानं डोळे झाकायचे, डोळ्याच्या मागे वर सळई घालायची आणि एका दणक्यात आत. पहिला माझ्या हातून नीट मेला नाही. फळीवर उड्या मारत राहिला, रक्त माझ्या तोंडावर, मी किंचाळतेय. तुम्ही सळई हिसकावून घेतलीत, एका क्षणात त्याला शांत केलंत आणि माझ्यावर भडकलात, “दया आली तुला? याला दया म्हणतात? बघ किती तडफडवलंस. आता याचं मांसही कडू.” तिसरा मला जमला. चौथा तर मी दात ओठ खाऊन मारला. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं ते तुम्हाला कळलं. तुम्ही पाचवा माझ्या हातात दिला नाहीत.

त्या चार दिवसांत तुमच्या घरच्या एकाही पदार्थात मासळीचा रस्सा नव्हता. शेवाळाचा काढला होतात. मी म्हटलं, अहो, मला चालतं, तो नेम नवऱ्याचा होता. तुम्ही म्हणालात, “त्याच्यासाठी नाही करत. माझ्याकडून चूक झाली होती, ती दुरुस्त करतेय.”

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. रडत होता. मी परत जायचं ठरवलं. आणि इथून आपलं भांडण, मावशी, जे मला पुरं करायचंय.

मी तुम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर आहे. त्याला सोडलं तर मला देश सोडावा लागेल. ईराची शाळा इथली, भाषा इथली.

“म्हणजे कागद,” तुम्ही म्हणालात.

“हो, कागद. मी इथे कागदावरच राहते.”

“कान कागदाचा नसतो.”

“तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमचं घर तुमच्या पायाखाली आहे. तुमच्या नवऱ्याला तुम्ही सोडलंत का? समुद्रानं नेला म्हणून सुटलात. नाहीतर दुसराही कान गेला असता.”

हे सगळं मोडक्यातोडक्या जपानीत, पण पोचलं. तुमच्या हातात फळीवरचा मासा होता. तो तुम्ही माझ्या छातीवर फेकून मारलात. मी तो उचलून तुमच्यावर परत फेकला. तुमच्या कपाळाला लागून तो शेगडीवर पडला. सातोमी हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली, ईरा दारात. तुमच्या भुवईवरून पाणी आणि खवले ओघळत होते. तुम्ही पाठ फिरवलीत आणि तांदूळ धुवायला घेतलेत.

ते मी पाहिलं. मला कळलं त्याचा अर्थ काय. तरी मी गेले.

बस सुटताना सातोमी धावत आली आणि खिडकीतून पुडकं दिलं. भाताचे सहा गोळे, आत आंबट प्लम. ती धापा टाकत म्हणाली, “आईंनी सांगायला सांगितलंय, यात नुसतं मीठ आहे.” मी पुढे शिन्कान्सेन गाडीत ते सहाच्या सहा खाल्ले. ईराला एकही दिला नाही. आधाशासारखे खाल्ले आणि रडले.

त्यानंतर मी तुमच्याकडे कधी आले नाही. नववर्षाचं कार्ड मात्र दर वर्षी पाठवलं, आठ वर्षं. तुमचंही यायचं. त्या त्या वर्षाचा छापील प्राणी, वाघ नाहीतर ससा, आणि खाली तुमच्या जाड अक्षरात एकच ओळ: कान कसे आहेत? तब्येत नाही, नवरा नाही, मुलगी नाही. कान. मी वाचायची आणि कार्ड ईराच्या जुन्या वह्यांखाली दडवून ठेवायची. उत्तरात एकच वाक्य, आठही वेळा: आम्ही तिघं मजेत आहोत.

सहा वर्षं ते वाक्य खोटं होतं कारण मजेत नव्हतो. शेवटची दोन वर्षं खोटं होतं कारण तिघं नव्हतो.

हो मावशी. सोडलं मी त्याला. दोन वर्षं झाली. आणि तुम्हाला सांगितलं नाही.

कसं सोडलं ते ऐका, कारण त्यात तुमचा हात आहे आणि माझी लाज. व्हिसाचं मी तोवर सोडवलं होतं. कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात काम, मग एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी, मग स्वतःच्या नावाचा कागद. कागद झाला तरी मी हलले नव्हते. एका रविवारी दुपारी मकरंद बाहेर गेला होता. बारा वर्षांची ईरा माझ्याशी उद्धटपणे बोलली, जपानीत, गप्प बस या अर्थाचं काहीतरी. आदल्या दिवसाचा सगळा मार माझ्या हातात होता. मी हात उगारला. तो खाली यायच्या आधीच तिनं दोन्ही कान झाकून घेतले. किती सराईतपणे झाकले म्हणून सांगू. तिला कानावर कोणी कधी मारलं नव्हतं. ती बघत आली होती. माझा हात थांबला असता तर आज मी हे ताठ मानेनं लिहिलं असतं. थांबला नाही. तिच्या पाठीत बसला, चांगला दणदणीत.

ती रडली नाही. उठली, दरवाज्यात गेली, माझे बूट उचलले आणि बाल्कनीतून खाली फेकले. चौथ्या मजल्यावरून. एकामागून एक.

मी विचारलं, “हे काय?”

ती जपानीत म्हणाली, “नियम आहे.”

“कसला नियम?”

“मिन्शुकुचा. जो मारतो त्याचे बूट फेकायचे आणि त्यानं बाहेर जायचं.”

सहा वर्षांची असताना भोपळा खाता खाता तिनं ते पाहिलं होतं आणि तिला वाटलं होतं, जेवायची वेळ ठरलेली असते, ताटात टाकायचं नसतं, तसाच हा एक नियम. ती वाट बघत राहिली की आमच्या घरात कोणी तो पाळतंय का. कोणी पाळला नाही, म्हणून शेवटी तिनं पाळला. माझ्यावर.

मी मोज्यांवर खाली गेले. एक बूट सायकलींच्या रांगेत सापडला, दुसरा कचऱ्याच्या जाळीवर. तो हातात धरून मी तिथेच उभी होते. मकरंद तुमच्या दारातून असाच बाहेर पडला होता, आणि आता मी त्याच्या जागी होते. मार खाणारी बाई मारणारी व्हायला काही वेळ लागत नाही. त्याच महिन्यात मी ईराला घेऊन फुनाबोरीत वेगळी राहायला आले. दीड खोली. तुम्हाला नवा पत्ता कळवताना लिहिलं, मोठं घर घेतलं.

का खोटं बोलले? कारण तुमचं खरं होतं. ते कबूल करायचं म्हणजे मधली सहा वर्षं मी त्या पहिल्या माशासारखी फळीवर उड्या मारत काढली, आणि सळई माझ्याच हातात होती, हेही कबूल करायचं. पत्रात नको, समोर सांगू म्हणत राहिले. येत्या वसंतात ईराला घेऊन यायचं, दारात उभं राहायचं, तुम्ही “उशीर केलास” म्हणून काहीतरी फेकून मारायचं. मी ते चुकवणार नव्हते. इतकं सगळं ठरवून ठेवलं होतं आणि तुम्ही ऑक्टोबरात मेलात. मला संताप येतो तुमचा. आठ वर्षं कानांची चौकशी केलीत, अजून सहा महिने थांबायला काय झालं होतं?

काल सातोमीला फोन केला. ती म्हणाली, झटकन गेल्या, तडफडल्या नाहीत. मी म्हटलं, बरोबर आहे, त्यांना ते आवडलं नसतं. मग मी तिला विचारलं, त्या माझ्याबद्दल काही म्हणायच्या का. ती म्हणाली, “तुमचं कार्ड आलं की वाचून म्हणायच्या, खोटारडी. आणि देवघरात नेऊन ठेवायच्या.”

ईराला सांगितलं तेव्हा ती गृहपाठ करत होती. “बूट फेकणाऱ्या आजी?” असं म्हणाली आणि उठून दरवाज्यात गेली. तिथे आमच्या दोघींचे बूट होते. तिनं ते नीट ओळीत लावले, टोकं बाहेरच्या दिशेला, तुमच्याकडे सातोमी लावायची तसे. मग परत येऊन गृहपाठाला बसली.

तुमची माफी मागत नाही. माफ्या मी रोज ऑफिसात मागते, त्यात काही राम नाही. तो मासा मात्र मी तुमच्या कपाळावर नेम धरून मारला होता, चुकून लागला नव्हता, एवढं सांगून ठेवते. आणि मनगट धरलंत त्याबद्दल, मावशी, मी जन्माची ऋणी आहे.

सुतक आहे, तेव्हा यंदा कार्ड पाठवता येत नाही. तुमचा प्रश्न मात्र आठ वर्षं पडून आहे, म्हणून उत्तर इथे देते. आम्ही तिघं नाही, दोघी आहोत. मजेत वगैरे नाही. चारही कान शाबूत आहेत.